गजूभाऊंचा डावा स्क्रीन

गजूभाऊंचं नाव निघालं की आमच्या गल्लीतली माणसं अजूनही आधी हसतात आणि मग बोलतात. मी हसत नाही. पण माणूस हसू यावं असाच होता, हे मला नाकारता येणार नाही. माझा राग आहे म्हणून त्यांच्यातली गंमत मी दाबून ठेवली, तर तो खोटेपणा होईल. या प्रकरणात खोटेपणा आधीच भरपूर झालेला आहे.

चिखलीत आमच्या घराच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान. पाटीवर कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्ती असं लिहिलेलं, पण दुरुस्तीला आलेले प्रिंटर कोपऱ्यात धूळ खात पडलेले असायचे. गजूभाऊंचा जीव एकाच कामात होता. एका कॉम्प्युटरला तीन मॉनिटर जोडायचे आणि त्यावर गाडी चालवायचे खेळ लावून द्यायचे. मधला स्क्रीन म्हणजे समोरची काच, बाजूचे दोन म्हणजे खिडक्या. स्टिअरिंग हातात धरून बसलं की आपण खरोखर गाडीत बसलोय असं वाटायला हवं. चिखलीसारख्या गावात असलं वेड किती जणांना असणार? पण कापसाच्या जिनिंगवाल्यांची, अडत्यांची मुलं यायची. बुलढाण्याहून, मेहकरहून बोलावणी यायची. गजूभाऊ एसटीने जायचे, मॉनिटर चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. एकदा कंडक्टरने त्या गाठोड्याचं वेगळं तिकीट फाडायला काढलं, तर म्हणाले, हे माह्या मांडीवर बसेल हाये, याचं कायचं तिकीट.

अंगाने किडकिडीत, खांदे पुढे आलेले. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, यांच्या खिशात सुतळीचं गुंडाळं. मॉनिटर मांडायचे झाले की गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, सुतळीचं एक टोक त्याच्या नाकाच्या शेंड्यावर धरायला सांगायचे आणि दुसरं टोक मधल्या स्क्रीनच्या मध्यावर न्यायचे. मग तेवढीच सुतळी डावीकडे, तेवढीच उजवीकडे. तिन्ही स्क्रीन नाकापासून सारख्या अंतरावर आले पाहिजेत. पोरगं ताठ बसलं तर ओरडायचे, "घरी कसा बसतं? मांडी घालून बसत असशीन तं मांडी घाल बे. मी फोटो काढून नाई राह्यलो तुहा." आणि खरंच, आपल्याकडची निम्मी पोरं खुर्चीवरही मांडी घालूनच बसतात.

तीन मॉनिटर क्वचितच एका जातीचे असायचे. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला एक, दुकानात पडून राहिलेला दुसरा. एकाचा पांढरा रंग निळसर, दुसऱ्याचा पिवळट. त्यावर गजूभाऊंचा इलाज म्हणजे कापसाचं बोंड. गावच्या वावरातलं फुटलेलं बोंड ते दर हंगामात एका डब्यात आणून ठेवायचे. तिन्ही स्क्रीनवर कोरा पांढरा उजेड लावायचा, प्रत्येकाशेजारी बोंड धरायचं आणि रंग जुळेपर्यंत बटणं दाबत राहायचं. मी चित्रकलेची शिक्षिका, रंगांच्या गप्पा मला नवीन नाहीत. पण पांढरा रंग कोणता मानायचा याचं इतकं साधं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. कंपनीचा पांढरा कंपनीपाशी, आपला पांढरा हा, असं म्हणून ते बोंड परत डब्यात ठेवायचे.

दोन मॉनिटर शेजारी ठेवले की मध्ये त्यांच्या काळ्या कडा येतात. त्याला गजूभाऊ बांध म्हणायचे, दोन वावरांच्या मधला असतो तसा. बांध जितका बारीक तितकं बरं, पण राहणारच. मग ते सेटिंग असं करायचे की चित्र बांधापाशी तुटत नाही, त्याच्या मागून जातं. समोरच्या स्क्रीनवर झाड दिसलं, गाडी पुढे सरकली की झाड कडेला येतं, क्षणभर बांधामागे झाकलं जातं आणि डाव्या स्क्रीनवर निघतं. नवख्या माणसाला हे समजावताना त्यांना फार आनंद व्हायचा. बांधामागची जमीन काही संपत नाही, नुसती झाकली जाते, हे ते इतक्यांदा सांगायचे की मंदावहिनी, त्यांची बायको, आतून वाक्य पुरं करायची.

मोताळ्याची गोष्ट तर गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. तिथल्या एका जिनिंगवाल्याच्या मुलाला त्यांनी तीन स्क्रीन मांडून दिले होते. दसरा झाला आणि मुलाचा रडवेला फोन आला की गाडीत भूत शिरलंय. उजवीकडून येणारा ट्रक डाव्या खिडकीत दिसतो आणि भलत्याच बाजूने अंगावर येतो. गजूभाऊ मोताळ्याला गेले. झालं होतं असं की, मुलाच्या आईने दसऱ्याला तिन्ही मॉनिटर सोडवून पाटावर मांडले होते, हळदकुंकू वाहून, आपट्याची पानं ठेवून साग्रसंगीत पूजा केली होती आणि नंतर परत जोडताना डावा उजवीकडे बसवला होता. तिचं म्हणणं, तिन्ही सारखेच तर दिसतात. गजूभाऊ तिला काही बोलले नाहीत. डावा उचलून डावीकडे ठेवला आणि तिलाच म्हणाले, की पूजेची हळद उरली असेल तर याच्या पाठीवर एक बोट लावा, म्हणजे पुढच्या दसऱ्याला चुकणार नाही. तेव्हापासून त्यांनी मांडलेल्या प्रत्येक डाव्या मॉनिटरच्या पाठीवर त्या घरच्या बाईच्या हाताने हळदीचं बोट लागायचं. "बाकी काही चाललं तं चालते, ताई," मला सांगायचे, "पन डावं थे डावंच दिसलं पायजे. मानसाचा इस्वास तिथं असते."

हे वाक्य मी विसरू शकत नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता बाबांबद्दल सांगते. माझ्या वडिलांचं मेहकर रोडवर एका फाट्याला चहाचं हॉटेल होतं. चिखलीहून मेहकरला जाताना डाव्या हाताला. मोठा कडुनिंब, त्याखाली दोन बाकडी, टिनाची शेड आणि भज्यांची कढई. एसटीचे ड्रायव्हर, बैलगाडीवाले, कॉलेजची पोरं, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्या हॉटेलावर माझं शिक्षण झालं, लग्न झालं, आणि नवरा गेल्यावर मी माहेरी परतले तेव्हा घर चाललं तेही काही दिवस त्यावरच. मग रस्ता रुंद करायला घेतला. निंब पडला, शेड गेली आणि पुढे त्या जागी पेट्रोल पंप उभा राहिला. बाबांनी कुणाशी भांडण केलं नाही. फक्त एक बदल झाला. मेहकरला जायची वेळ आली की ते एसटीत उजव्या खिडकीपाशी बसायला लागले. उजवीकडे ऊन असलं तरी उजवीकडेच. डावीकडे जागा रिकामी असली आणि मी खुणावलं, तरी ऐकायचे नाहीत.

गजूभाऊ त्याच रस्त्यावरच्या एका खेड्यातले. कॉलेजात असताना एसटीची वाट बघत बाबांच्या बाकड्यावर बसलेले. त्या गाडी चालवायच्या खेळात आपल्या मनाचा रस्ता स्वतः बनवून घालता येतो, आणि गजूभाऊंनी चिखली ते मेहकर रस्ता बनवायला घेतला होता. आता आहे तसा नव्हे, आधीचा. एका रविवारी मी दुकानात उभी असताना तेच म्हणाले, "मामाचं हाटेल घ्याचंच आपल्याले. तुमी फोटो द्या फक्त." मी काही मागितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर गल्लीत कुणी कुणी म्हणालं की तुम्हीच त्यांच्या मागे लागला असाल.

घरात हॉटेलाचे मोजकेच फोटो होते, ते मी दिले. पाटी मी स्वतः कागदावर रंगवून दिली, अक्षरं होती तशी, एका बाजूला जरा उतरती. पावसाळा सरता सरता गजूभाऊंनी मला एकाच स्क्रीनवर ते दाखवलं. निंब होता. बाकडी होती. पाटी माझ्याच हातची, उतरती. शेडखाली बसलेला एक माणूस होता, चेहरा नीट नव्हता, पण टोपी होती. मला दुकानातच रडू आलं. मंदावहिनीने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, उद्याच बाबांना आणते. गजूभाऊ म्हणाले, घाई करू नका. एका स्क्रीनवर पाहण्यात काय आहे? तिन्ही लागू द्या, म्हणजे मामा समोर बसतील आणि हॉटेल खऱ्यासारखं डाव्या खिडकीतून येईल.

मला ते पटलं. बाबांना डावीकडे बघायला लावायचं तर ते तसंच व्हायला हवं होतं.

मग माझे रविवार सुरू झाले. मी घरी बाबांना आडून आडून विचारायची आणि त्यांनी सांगितलेलं दुकानात नेऊन पोचवायची. कढईच्या मागे पाण्याचा माठ कुठे होता. कोणत्या बाकड्याचा पाय मोडला होता आणि खाली वीट लावली होती. निंबाच्या कोणत्या फांदीला कंदील टांगायचे. आधी बाबा तुटक बोलायचे, हळूहळू खुलायला लागले. जेवताना आपणहून आठवण काढायचे, की एक तांबडं कुत्रं असायचं, ते सांगितलं का गजूला? मी सांगायची. गजूभाऊ कामातून मान वर न करता म्हणायचे, टाकलं, ताई. वीट? टाकली. कुत्रं? टाकलं. दाखवा म्हटलं की बाजूचे मॉनिटर अजून आले नाहीत, पुरं झाल्यावर बघा. मी घरी येऊन बाबांना सांगायची की टाकलं बरं का, आणि बाबा मान हलवायचे. बाबांच्या तोंडावर कित्येक वर्षांनी मला काहीतरी वाट पाहिल्यासारखं दिसत होतं.

फेब्रुवारीत तिन्ही मॉनिटर लागले. बुलढाण्याच्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने शिकणाऱ्यांसाठी असं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं आणि ते दुकानातच तयार होत होतं. मी त्यांना सांगितलं की रविवारी बाबांना आणते. गजूभाऊ नको म्हणाले नाहीत. जरा थांबले, मग म्हणाले, बरं, आणा. त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

बाबांनी दाढी केली, धुतलेली टोपी घातली. दुकान आमच्या भिंतीला लागून, पण ते पाहुण्यासारखे पुढच्या रस्त्याने वळसा घेऊन आले. गजूभाऊंनी त्यांना खुर्चीत बसवलं, सुतळी त्यांच्या नाकाला लावली. बाबांना त्याचं हसू आलं. डाव्या मॉनिटरच्या पाठीवर हळदीचं बोट दिसत होतं, मंदावहिनीचं असणार. स्टिअरिंग बाबांना जमणार नव्हतं, म्हणून गजूभाऊ बाजूला स्टुलावर बसून चालवत होते. मी दोघांच्या मागे उभी.

चिखली सुटली. रस्ता रुंद होता, मध्ये दुभाजक. मला जरा खटकलं, पण म्हटलं सुरुवातीचा तुकडा नवा ठेवला असेल. बाबा समोरच बघत होते, आणि एकदा, माझ्याकडे मान न वळवता, म्हणाले की फाटा जवळ आला. मी मधल्या स्क्रीनवर निंबाचा शेंडा शोधत होते. तो लांबूनच दिसायचा. दिसला नाही. वाटलं, बांधामागे झाकला असेल. गजूभाऊंनीच शिकवलेलं, की बांधामागची जमीन संपत नाही. मी डाव्या स्क्रीनकडे बघितलं. बाबांनीही मान डावीकडे वळवली. किती वर्षांनी वळवली असेल.

डाव्या स्क्रीनवर पेट्रोल पंप आला. स्वच्छ, रंगवलेला, छपराखाली दिवे. आला तसा मागे गेला.

गजूभाऊंनी गाडी थांबवली नाही. तशीच पुढे नेली, आणि त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. बाबा खुर्चीतून सावकाश उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिसलं बरं, गजू. चांगलं केलं तू." मंदावहिनीने केलेला चहा त्यांनी उभ्यानेच घेतला आणि घरी गेले.

मी थांबले. मी विचारलं, आमचं हॉटेल कुठे आहे? गजूभाऊ सुतळी गुंडाळत होते. स्कूलच्या मालकाला आत्ताचा रस्ता पाहिजे होता, म्हणाले. शिवाय निंबाची पानं, धूर, माणसं, हे सगळं एका जागी आलं की बरोबर तिथेच चित्र अडखळायचं. मी विचारलं, मग जुना रस्ता कुठे ठेवलाय? म्हणाले, वेगळा ठेवला नाही, त्याच्यावरच नवा केला.

"कधी केलं?"

"लय दिवस झाले, ताई. दिवाळीच्या आंधी."

दिवाळीच्या आधी. म्हणजे माठ, वीट, कंदील, तांबडं कुत्रं, हे सगळं त्यांनी हॉटेल पुसून टाकल्यानंतर मी आणून देत होते. मी म्हटलं, मग दर रविवारी टाकलं टाकलं म्हणत होतात ते काय होतं?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, हेही मी लिहायला पाहिजे. "तुमी इतकं मनापासून सांगून राह्यले होते," ते म्हणाले, "मले नाई म्हनवलं नाई."

यंत्र विकायचं होतं, विकावं. रस्ता बदलायचा होता, बदलावा. ते त्यांचं काम होतं आणि पोट होतं. पण एका रविवारी तोंड उघडून सांगितलं असतं, तर मी रागावले असते, भांडले असते आणि घरी जाऊन बाबांना सांगितलं असतं की राहू द्या, ते काही जमत नाही. बाबा उजव्या खिडकीपाशी बसत राहिले असते. एवढंच. माझं मन मोडू नये म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला दाढी करून, टोपी घालून त्या पंपासमोर आणून बसवलं. लोक याला भिडस्तपणा म्हणतात. मी दगा म्हणते.

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मी विचारलं, तुम्हाला तर पंप दिसला, मग दिसलं असं का म्हणालात? म्हणाले, त्याचं तोंड पाहिलं का तू? पार उतरलं होतं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं विषय संपला.

"हाटेल जाऊ दे, शालू," ते म्हणाले. "निंब तं ठेवाचा होता."

त्यानंतर बाबांनी हॉटेलाची गोष्ट काढली नाही. मीही विचारलं नाही. त्यांच्याजवळ जे काही शिल्लक होतं ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं आणि भिंतीपलीकडे नेऊन दिलं होतं, आणि तिथे ते कुणी ठेवलं नव्हतं. गजूभाऊंनी फोटो पाकिटात घालून मंदावहिनीच्या हाती परत पाठवले. नंतर करून देतो, असाही निरोप होता. ते नंतर आलं नाही. पुढच्या थंडीत बाबा गेले. गजूभाऊ खांदा द्यायला आले होते, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि माझ्याशी न बोलता गेले. मग त्या ड्रायव्हिंग स्कूलने त्यांना कायमचंच ठेवून घेतलं आणि त्यांनी घर बुलढाण्याला हलवलं. दुकानाला आता मोबाईलवाल्याची पाटी आहे. राग आला तरी मला त्यांना अरेतुरे करवत नाही, गजूभाऊच म्हणते. सवय, दुसरं काय.

गेल्या वर्षी शाळेच्या कामासाठी बुलढाण्याला गेले होते. बसस्टँडकडे येताना ते स्कूल लागलं. पुढे सगळी काच. आत एक मुलगी खुर्चीत बसली होती, दुपट्टा मागे बांधलेला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. समोर तीन स्क्रीन. गजूभाऊ तिच्याजवळ गुडघ्यावर बसून तिला काहीतरी समजावत होते. केस पांढरे झालेले, खिशात सुतळी तशीच. स्क्रीनवर आमचाच रस्ता होता, मी लगेच ओळखला. चिखली मागे पडली होती.

त्यांनी मान वर केली आणि काचेतून मला बघितलं. हसले नाहीत, हात केला नाही. मुलगी गाडी चालवतच होती, फाटा येत होता. गजूभाऊ उठले आणि डाव्या स्क्रीनसमोर येऊन उभे राहिले, पाठ स्क्रीनकडे, तोंड माझ्याकडे. मुलगी वैतागून काहीतरी म्हणाली, तिला डावीकडचं दिसेना. ते हलले नाहीत. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, शाळेत उभं केल्यासारखे.

मग एकदाही मागे वळून न बघता, रस्ता पाठ असल्यासारखे, ते बाजूला झाले. डाव्या स्क्रीनवर नुसती तुरीची वावरं होती. पंप नुकताच मागे गेला होता.